यंत्राचा कायदा कोण लिहिणार?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी विहारात वंदना आटोपली, बाळगोपाळांना खाऊ वाटून झाला आणि आम्ही पायरीवर चपला शोधत उभे होतो. एवढ्यात आमच्या ओळखीच्या एक भगिनी मुलीचा हात धरून पुढे आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी या मुलीला शिकविले. मुलगी यंदा कॉम्प्युटर विषय घेऊन बी.एस्सी. झाली.

"भाऊ, तुम्हीच हिला समजवा," त्या म्हणाल्या. "कंपनीत नोकरी लागतेय. आणि ही म्हणते, मला वकिली शिकायची. वकिलीच करायची होती तर तीन वर्षं त्या कॉम्प्युटरवर कशाला घालवली?"

मुलगी गप्प बसणारी नव्हती. "काका, आईचा अंगठा लागत नाही. दोन महिने झाले, रेशनला गेलं की मशीन नको म्हणतं. मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. पण अंगठा लागला नाही तर धान्य द्यायचं की नाही, हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवत नाही. ते वरून ठरून आलेलं असतं. ते ठरवणारे काय शिकलेले असतात, ते मला शिकायचंय."

आईने आमच्यासमोर हात उलटा करून दाखविला. "सोडा अन् पावडर घासून बोटावरच्या रेघाच गेल्या, भाऊ. मशीन तरी काय करणार?"

आम्हाला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. घरी येऊन विचार करू लागलो तेव्हा आमचीच आम्हाला लाज वाटली. कारण याच पानातून आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो, की मुलांना कॉम्प्युटर शिकवा. आधी टायपिंग, मग डी.टी.पी., मग एम.एस.सी.आय.टी. कर्ज काढा, पण शिकवा. समाजबांधवांनी ऐकलेही. आज आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले कंपन्यांमध्ये, बँकांमध्ये, सरकारी कचेऱ्यांमध्ये यंत्रापुढे बसली आहेत. परंतु यंत्र चालविणे निराळे आणि यंत्राचा नियम लिहिणे निराळे, हे आम्ही कधी सांगितले नाही. अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी आज सांगतो.

या विषयाला इंग्रजीत टेक्नॉलॉजी लॉ, पॉलिसी आणि गव्हर्नन्स अशी लांबलचक नावे आहेत. आपण साध्या मराठीत तंत्रज्ञानाचा कायदा, धोरण आणि कारभार म्हणू. यंत्र आले की तीन प्रश्न उभे राहतात. ते कोणी, कोणावर, कशासाठी लावायचे? ते चुकले तर भरपाई कोणी द्यायची? आणि आपली जी माहिती ते गोळा करते, तिच्यावर मालकी कोणाची? या प्रश्नांचा अभ्यास आता मोठमोठ्या विद्यापीठांत स्वतंत्रपणे होतो. कायद्याचे, अर्थशास्त्राचे, समाजशास्त्राचे आणि कॉम्प्युटरचे विद्यार्थी तेथे एकत्र बसतात.

नाव नवे असले तरी विषय आपल्याला परका नाही. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. मजूरमंत्री म्हटले की आपल्याला कामाचे तास आणि खाणीतल्या स्त्री कामगार आठवतात. ते योग्यच आहे. पण त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली आणि जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांचा केंद्रीय आयोग १९४५ साली स्थापन झाला, दामोदर खोऱ्याची योजना आकाराला आली, ती बाबासाहेबांच्या कारकिर्दीत. धरणाची भिंत किती जाड हवी, हे इंजिनिअर सांगत. पण दोन प्रांतांतून वाहणाऱ्या नदीचा कारभार कोणी पाहायचा, वीज मूठभरांची चैन होणार की गरिबाच्या पोटापाण्याचे साधन, हे प्रश्न इंजिनिअरचे नव्हते. ते धोरणाचे होते, आणि तेथे बसला होता एक बॅरिस्टर, जो अर्थशास्त्राचाही डॉक्टर होता.

काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राला शिव्या देणाऱ्यांचा समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की यंत्रामुळे हाल होत असतील तर तो दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्र मोडायचे नाही, रचना बदलायची. आमच्या मते तंत्रज्ञान कायद्याचा सगळा अभ्यासक्रम या एका विचारात आला. विद्यापीठांनी त्याला वेगळे नाव देऊन वर्ग भरविले, एवढेच.

आता रेशनच्या मशीनकडे या. आधार सक्तीच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात पहिला अर्ज केला तो कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी, २०१२ साली. हे नाव पेपरात पुष्कळ आले. परंतु २०१३ साली दाखल झालेल्या आणखी एका अर्जावर एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याबरोबर बेझवाडा विल्सन यांचे नाव होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? विल्सन म्हणजे सफाई कर्मचारी आंदोलनाचे नेते, कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या वसाहतीत सफाई कामगाराच्या घरी जन्मलेले, २०१६ चे मॅगसेसे पारितोषिक मिळालेले. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद व्हावी म्हणून आयुष्य वेचणारा माणूस आधारच्या खटल्यात का उतरला? जो माणूस ते काम सोडून दुसरे जगणे सुरू करू पाहतो, त्याची जुनी ओळख एका नंबराला कायमची चिकटून त्याच्या मागे लागू नये म्हणून. हा प्रश्न मोठ्या कंपनीच्या वकिलाला सुचला नसता.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारचा निकाल चार विरुद्ध एक असा लागला. आधार टिकले. सरकारी लाभांसाठी ते मागता येईल असे ठरले, पण खाजगी कंपन्यांना ते मागण्याची दिलेली मोकळीक काढून घेतली आणि बँकेचे खाते व मोबाइल यांना ते जोडण्याची सक्ती रद्द झाली. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळे मत देऊन सगळी योजनाच घटनेत बसत नाही असे लिहिले. आमच्या भगिनीच्या कामाची गोष्ट ही, की अंगठा लागला नाही एवढ्या कारणावरून हक्काचे धान्य नाकारता येणार नाही, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून ते द्यावे, हे या खटल्यात स्पष्ट झाले. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनेही राज्यांना तसे लेखी कळविले होते. म्हणजे कायदा त्यांच्या बाजूचा होता. दुकानदाराला तो माहीत नव्हता, किंवा माहीत असून सोयीचा नव्हता. आणि दोन महिने धान्य गेले.

न्यायालयात असा युक्तिवाद हवेतून उभा राहत नाही. त्याला गावोगावी फिरून जमविलेला पुरावा लागतो. झारखंडमधल्या रेशन दुकानांवर आधारचा काय परिणाम झाला, याचा अभ्यास अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. त्रास वाढला, काही घरांचे धान्य सुटले, आणि मापात मारण्याची लबाडी मात्र या यंत्राने थांबली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. घरोघर जाऊन कार्ड तपासणारी, वजन किती मिळाले हे लिहून घेणारी तरुण मुले अशा अभ्यासाला लागतात. त्या कामाला आपल्या वस्तीतल्या मुलामुलींइतके लायक कोण? त्यांना रेशनची रांग वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरे यंत्र मनगटावरचे. काही वर्षांपूर्वी नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळे बांधायला दिली. चंडीगड, पंचकुला, नवी मुंबई येथेही तसेच झाले. कामगार आपल्या हद्दीत आहे की नाही, किती वेळ हलला नाही, हे साहेबाला कचेरीत बसून दिसू लागले. चंडीगडच्या कामगारांनी निदर्शने केली. या घड्याळात कॅमेरा आहे काय, आपले बोलणे ऐकू जाते काय, मुतारीत जाताना ते काढून ठेवावे काय, अशी भीती स्त्री कामगारांनी बोलून दाखविली. त्यांना कोणी नीट उत्तर दिले नाही. घड्याळ झाडूवाल्याच्या हातात, साहेबाच्या हातात नाही. कोणाच्या मनगटावर पहारा बसतो, हे पाहिले की या देशाची उतरंड पुन्हा डोळ्यांपुढे येते. ही घड्याळे कोणत्या अटीवर भाड्याने घ्यायची, त्यातली नोंद किती दिवस ठेवायची, तिच्यावरून पगार कापता येईल काय, हे सगळे टेंडरच्या कागदात ठरते. तो कागद वाचता येणारा माणूस युनियनच्या बाजूला बसलेला असला पाहिजे. युनियनचे पुढारी घोषणा उत्तम देतात, त्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण टेंडरची चाळीस पाने वाचायला कोणी बसत नाही.

आणि माता-भगिनींना लाडकी बहीण योजनेचे उदाहरण सांगायला नकोच. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सुरू झाली आणि फॉर्मने पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. ज्या बाईचे वडील गेले आणि नवराही गेला, किंवा नवऱ्याने टाकले, तिने काय लिहायचे? तिच्यासाठी रकानाच नव्हता. ओरड झाली, मुदत वाढली, मग सोय करावी लागली. फॉर्म बनविणारा काही दुष्ट नसेल. पण त्याच्या डोळ्यांपुढे जे घर होते त्यात बाप होता, नवरा होता, आणि दोघांचेही मोबाइल चालू होते.

डोळ्यांपुढे कोण असते, हा मुद्दा अमेरिकेतल्या एका काळ्या विद्यार्थिनीने फार स्पष्ट करून दाखविला. जॉय बुओलाम्विनी हे तिचे नाव. आईवडील घानाचे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामवंत संस्थेत शिकत असताना तिच्या लक्षात आले, की चेहरा ओळखणारे यंत्र तिचा चेहरा पकडतच नाही. तिने पांढरा मुखवटा लावला आणि यंत्राला ती दिसू लागली! दुसरी एखादी रडली असती किंवा हसून सोडून दिले असते. हिने मोजायला घेतले. इथिओपियात जन्मलेल्या टिमनिट गेब्रू यांच्याबरोबर तिने तीन कंपन्यांची यंत्रे तपासली आणि २०१८ साली निबंध प्रसिद्ध केला. चेहरा पाहून स्त्री की पुरुष एवढेच सांगायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत सर्वांत वाईट यंत्राचीही चूक ०.८ टक्क्याच्या वर गेली नाही. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. या आकड्यांनी खळबळ उडाली. सॅन फ्रान्सिस्को शहराने मे २०१९ मध्ये आपल्या खात्यांना आणि पोलिसांना असे यंत्र वापरायला बंदी केली. आय.बी.एम. कंपनीने जून २०२० मध्ये सर्वसाधारण वापराचे हे यंत्र विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले.

आपल्या राज्यात २०२४ साली पोलिसांच्या कामासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी 'मार्वल' नावाची सरकारी कंपनी स्थापन झाली. गुन्हेगार लवकर सापडले तर कोणाला नको आहे? पण इंग्रजांनी गुन्हेगार ठरविलेल्या आणि आज विमुक्त म्हणविणाऱ्या आपल्या बांधवांची नावे पोलिसांच्या जुन्या वह्यांत कशी चढत गेली, हे आपण जाणतो. तुरुंगातल्या रजिस्टरात जातीचा रकाना होता. तो काढून टाका, असे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले. जुनी वही यंत्रात भरली की जुना संशय नव्या वेगाने धावतो. वही भरताना कोणी हरकत घेतली काय, हे विचारायला शिकलेला माणूस हवा.

एवढे लिहून झाल्यावर आमच्या घरातूनच प्रश्न आला, की पोरीने एकटीने शिकून असे काय होणार आहे? त्याला उत्तर पालघरच्या प्रकरणात आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. दिल्लीच्या श्रेया सिंघल या मुलीने ती बातमी वाचली. ती एकवीस वर्षांची होती आणि कायद्याचे शिक्षण तिला अजून सुरू करायचे होते. तिने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६ अ रद्द झाले. हे खरे की तिच्या घरात वकिलीची परंपरा होती. तिची आजी न्यायाधीश, आई वकील. आपल्या मुलीकडे ती शिदोरी नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. पण बाबासाहेबांकडे तरी कोणती होती?

ही विद्या कोठे मिळते, ते आता सांगतो. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथे २०१६ साली नाइट इन्स्टिट्यूट सुरू झाली. डिजिटल युगातल्या भाषणस्वातंत्र्यासाठी ती अभ्यासही करते आणि खटलेही लढविते. हार्वर्डमध्ये बर्कमन क्लाइन सेंटर आहे, ऑक्सफर्डमध्ये २००१ पासून इंटरनेट इन्स्टिट्यूट आहे. आपल्या देशात दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१३ पासून या विषयाचे स्वतंत्र केंद्र आहे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि २०२२ पासून कोणत्याही पदवीनंतरचा तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रमही आहे. हैदराबादचे नालसार विद्यापीठ आणि बंगळुरूचे लॉ स्कूल घरी बसून करायचे सायबर कायद्याचे डिप्लोमे चालवीत आले आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्राची राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. बारावीनंतर तेथे जायचे तर क्लॅट नावाची परीक्षा द्यावी लागते.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वर्षाची फी लाखांच्या घरात जाते. क्लॅट परीक्षा इंग्रजीत होते आणि तिचे क्लास महाग आहेत. शमनाद बशीर नावाचे एक प्राध्यापक होते. पेटंट कायद्यातले त्यांचे नाव मोठे, नोवार्टिस कंपनीच्या कर्करोगावरील औषधाचा जो खटला २०१३ साली कंपनी हरली, त्यात अभ्यासक म्हणून त्यांनी आपली बाजू मांडली होती. या विधी विद्यापीठांत गरिबांची मुले दिसत नाहीत हे त्यांना सलले आणि त्यांनी २०१० साली 'आयडिया' ही संस्था काढली. ती गरीब मुलांना क्लॅटसाठी तयार करते. बशीर सर २०१९ साली गेले. ज्यांची मुले दहावी-अकरावीत आहेत त्यांनी या संस्थेची चौकशी जरूर करावी.

परदेशाचे म्हणाल तर केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या दोन वाटा आहेत. मात्र केंद्राने २०२२ साली नियम बदलून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरील सामाजिक संशोधनाचे विषय आपल्या शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जातींवर निबंध वाचला, तो विषय घेऊन आज जायचे म्हटले तर त्या शिष्यवृत्तीचे दार बंद! या विषयावर आम्ही स्वतंत्रपणे लिहिणार आहोत.

आणखी एक इशारा. तीन महिन्यांत सायबर वकील करतो, अशी पाटी लावून तीस-चाळीस हजार घेणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली आहेत. त्या कागदावर कोर्टात कोणी उभे करीत नाही. आणि मोठ्या विद्यापीठांतल्या काही केंद्रांना कॉम्प्युटर कंपन्यांच्याच देणग्या मिळतात, हेही डोळे उघडे ठेवून पाहावे. ज्याच्यावर नियम लावायचा त्याच्याच पैशाने नियमाचा अभ्यास, हा प्रकार आपल्याला ओळखीचा वाटेल.

तर मग धुणीभांडी करणाऱ्या आईच्या मुलीने काय करावे? आम्ही दुसऱ्या रविवारी मायलेकींपुढे जे मांडले ते असे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. करता येते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला पदवीला ४० टक्के गुण पुरतात. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांची फी काही हजारांत असते, आणि उत्पन्नाच्या अटीत बसल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, नाही तर फ्रीशिप मिळते. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात बाबासाहेब १९३५ साली प्राचार्य झाले होते, आणि आनंद भवनातले सिद्धार्थ विधी महाविद्यालय तर त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचेच, १९५६ चे. नाव मोठ्या विद्यापीठाचे नसेल, पण सनद तीच मिळते. कॉम्प्युटरची पदवी हातात आहेच. एलएल.बी. झाल्यावर दिल्ली-बंगळुरूचे दार ठोठावायला ती अधिक बळकट होऊन जाईल.

२०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा झाला, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे नियम आले. त्याच कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलमही बदलले. त्यामुळे रेशनची, रोजगार हमीची यादी मागायला गेलेल्या कार्यकर्त्याला 'ही वैयक्तिक माहिती आहे' असे उत्तर मिळण्याची भीती आहे. गरिबाची माहिती जपायचा कायदा आणि गरिबालाच माहिती नाकारायचे निमित्त, हे दोन्ही एकाच कागदात कसे बसले, हे उकलून सांगणारे वकील येत्या दहा वर्षांत पुष्कळ लागणार आहेत. नुसत्या पोटापाण्याच्या दृष्टीने पाहिले तरी हे शिक्षण वाया जाणारे नाही, असे आमचे मत आहे.

आई सगळे ऐकून घेऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमचं सगळं बरोबर. पण तीन वर्षं घरात पैसा कोण आणणार? आणि लोक म्हणतात, लग्नाचं वय चाललंय."

लग्नाच्या वयावर आम्ही काही बोललो नाही, तिथे मुलगीच बोलली. पैशाचा प्रश्न मात्र खरा होता. शेवटी मायलेकींनीच तोड काढली. मुलीने कंपनीची नोकरी आत्ता धरायची. पगारातली अर्धी रक्कम पोस्टात टाकायची. सीईटीचा अभ्यास रात्री विहाराच्या वाचनालयात. प्रवेश मिळाला की सकाळच्या वेळेचे कॉलेज पाहायचे आणि अर्ध्या दिवसाचे काम शोधायचे. सोपे नाही. पण वस्तीतल्या दोन शिक्षकांनी इंग्रजीचे आणि कायद्याच्या सामान्य ज्ञानाचे पाठ घ्यायचे कबूल केले आहे, त्यामुळे आणखी तीन मुले आणि एक नोकरदार विवाहित भगिनीही बसू लागल्या आहेत.

सीईटीचा फॉर्म भरताना आधारची पडताळणी आली आणि ओटीपी गेला तो मुलीच्या दिवंगत वडिलांच्या नंबरावर. तो मोबाइल दोन वर्षांपूर्वीच बंद झालेला. म्हणून परवा शनिवारी कामावर खाडा करून दोघी आधार केंद्रावर गेल्या. मुलीचे काम पाच मिनिटांत झाले. आई म्हणाल्या, आलोच आहोत तर माझेही करून घ्या. उजव्या हाताची पाचही बोटे लावून झाली. डाव्या हाताचे मधले बोट चौथ्या खेपेला लागले.

रेशन दुकानदाराला द्यायच्या अर्जाचा मसुदा मुलीनेच तयार केला आहे. अंगठा लागत नसल्यास दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून धान्य द्यावे आणि न दिल्यास तसे लेखी कळवावे, एवढाच मजकूर. ज्यांना हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन विहारात यावे. सीईटीसाठी येणाऱ्यांनी शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि पदवीची गुणपत्रिका बरोबर आणावी, आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे की नाही हे आधी घरी पाहून यावे.

जय भीम.